भाजीच्या नावाची राजकन्या

रापुन्झेल ही जर्मनीतली एक पालेभाजी आहे. उंच मनोरा, त्याच्या एकुलत्या एक खिडकीतून खाली सोडलेली सोनेरी वेणी, ती धरून वर चढणारा राजपुत्र, हे सगळं वैभव ज्या नावाभोवती उभं राहिलं, ते नाव कोवळ्या हिरव्या पानांचं आहे. आपल्याकडे एखाद्या राजकन्येला मेथी म्हणावं, तसंच. पहिल्यांदा कळतं तेव्हा हसू येतं. मग ग्रिम बंधूंची मूळ गोष्ट पुन्हा वाचायला घेतली की हसू मावळतं, कारण सगळी कथा त्या भाजीतूनच उगवलेली दिसते.

या नावावर दोन वनस्पतींचा दावा आहे. एक आहे कॅम्पॅन्युला रॅपन्क्युलस, निळ्या-जांभळ्या घंटेसारख्या फुलांची. तिची पानं आणि मुळं युरोपातले लोक पूर्वी आवडीने खात. दुसरी व्हॅलेरियनेला लोकस्टा, थंडीतही तग धरणारी, गुळगुळीत लांबट पानांची. जर्मनीत ती आजही कच्ची, सॅलडमध्ये खातात. गोष्टीत एका गरोदर बाईला शेजारच्या बागेत या भाजीचा हिरवागार वाफा दिसतो आणि तिला तिचे डोहाळे लागतात. बाग एका चेटकिणीची. ती भाजी मिळाली नाही तर मी मरेन, असं बायको म्हणते, म्हणून नवरा भिंतीवरून उतरून भाजी चोरतो. एकदा निभावतं, दुसऱ्यांदा सापडतो. चेटकीण सौदा करते: भाजी हवी तेवढी ने, होणारं मूल माझं. मूल जन्मतं, त्याच क्षणी चेटकीण हजर होते, मुलीचं नाव रापुन्झेल ठेवते आणि तिला घेऊन जाते.

नाव कोणी ठेवलं, इकडे लक्ष द्या. आईने नाही, बापाने नाही. ते घेणेकरणीने ठेवलं आहे. मुलगी कशाच्या बदल्यात हाती आली, ते तिच्या कपाळावर लिहून ठेवल्यासारखं. पुढे मनोऱ्याखाली उभं राहून जो कोणी तिला हाक मारतो, मग ती चेटकीण असो वा प्रेमात पडलेला राजपुत्र, तो नकळत ते जुनं कर्जच उच्चारतो.

ग्रिम बंधूंनी ही गोष्ट १८१२ साली छापली. तिची वाट मागे शोधत गेलं की थक्क व्हायला होतं. त्यांच्याआधी १७९० साली फ्रीडरिश शुल्त्स या जर्मन लेखकाने ती सांगितली होती, आणि रापुन्झेल हे नाव त्याच्याकडचं. शुल्त्सने ती घेतली फ्रेंचमधून. तिथे सतराव्या शतकाच्या अखेरीस मादमोआझेल द ला फोर्स या लेखिकेने तिची नायिका घडवली होती, पर्सिनेत. पर्सिल म्हणजे पार्सली, आपल्या कोथिंबिरीच्या कुळातली. ला फोर्सने एक गंमत केली. पार्सली त्या काळी इतकी दुर्मीळ होती की परीने ती थेट 'इंडीज'हून मागवली, असं तिने लिहिलं. फ्रान्समधल्या परसात सहज उगवणारी वस्तू तिने समुद्रापलीकडून आणलेलं नवल करून टाकली. आणखी मागे, १६३४ मध्ये, नेपल्सच्या बोलीत जांबातिस्ता बासिलेचा कथासंग्रह छापला जाऊ लागला. त्यात हीच मुलगी पेत्रोसिनेल्ला नावाने भेटते. तेही पार्सलीवरूनच. बासिलेच्या गोष्टीत ती जन्मते तीच छातीवर पार्सलीच्या डहाळीची खूण घेऊन.

नेपल्सहून पॅरिस, पॅरिसहून जर्मनी. भाषा बदलल्या, राक्षसिणीची परी झाली, परीची चेटकीण झाली, भाजीसुद्धा बदलली. पण भाजीवरून नाव, एवढी एक गोष्ट एकाही सांगणाऱ्याला सोडवली नाही. ते नाव काढलं की मुलगी मनोऱ्यात का आहे, याचं कारणच उरत नाही. परीकथेतल्या राजकन्यांची नावं अशी असतात. कानाला गोड वाटावीत म्हणून ती ठेवलेली नसतात. गोष्ट त्यांच्यात घडी घालून ठेवलेली असते.

खरं तर परीकथेतल्या बहुतेक राजकन्यांना नाव नसतंच. राजाची मुलगी, धाकटी राजकन्या, एवढ्यावर भागतं. म्हणूनच जिथे सांगणारा थांबून नाव देतो, तिथे आपणही थांबायला हवं.

हिमगौरीचं पाहा. ग्रिमांच्या जर्मनमध्ये ती 'स्नेविट्शेन', बर्फासारखी पांढरी चिमुकली. राणी आबनुसाच्या काळ्या चौकटीच्या खिडकीत शिवत बसलेली असते, बाहेर बर्फ पडत असतो, सुई टोचते आणि रक्ताचे तीन थेंब बर्फावर पडतात. बर्फासारखी गोरी, रक्तासारखी लाल, या लाकडासारखी काळी मुलगी मला व्हावी, असं ती मनात म्हणते. हे तीन रंग फार जुने आहेत. आयर्लंडच्या पुराणकथेत डेर्ड्रा ही तरुणी बर्फावर सांडलेलं रक्त पिणारा कावळा पाहते आणि त्या तीन रंगांचा नवरा मागते. वेल्समधल्या पेरेदुरला तेच दृश्य पाहून आपली प्रिया आठवते. बासिलेच्या एका गोष्टीत पांढऱ्या संगमरवरावर कावळ्याचं रक्त सांडतं. युरोपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सौंदर्याची कल्पना करताना माणसांना पांढऱ्या जमिनीवरचं रक्त आणि काळं पाखरू का दिसत राहिलं असेल! त्या सौंदर्यात मृत्यू पहिल्यापासून आहे, एवढं मात्र दिसतं.

आता गंमत अशी की तीन रंगांतला एकच नावात आला. उरलेले दोन कथेत आपली पाळी येईपर्यंत थांबतात. सावत्र आई विषारी सफरचंद आणते तेव्हा ते एका बाजूने पांढरं आणि दुसऱ्या बाजूने लाल असतं. विष फक्त लाल भागात. पांढरा भाग सावत्र आई स्वतः खाऊन दाखवते आणि लाल हिमगौरीला देते. म्हणजे नावातला रंग निर्धोक असतो आणि नावाबाहेरचा रंग मारतो. पुढे बुटके तिला काळ्या मातीत पुरायला धजत नाहीत, कारण ती अजून जिवंत असल्यासारखी टवटवीत दिसते. ते काचेची पेटी करतात आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत दोन गोष्टी लिहितात: तिचं नाव, आणि ती राजाची मुलगी आहे हे. घरादारातून हाकललेल्या, रानात भांडी घासणाऱ्या त्या मुलीला तिचं नाव आणि तिचं कूळ परत मिळतं ते असं.

मराठीत ज्याने कुणी तिला हिमगौरी म्हटलं, त्याचं मला फार कौतुक वाटतं. गौरी म्हणजे गोरी, आणि गौरी ही मुळात हिमालयाचीच मुलगी. जर्मन नावात फक्त रंग होता. आपल्या नावात बाप आला, पर्वत आला, आणि भाद्रपदात माहेरी येणाऱ्या लेकीची ओढही आली.

सिंड्रेलाच्या नावात राख आहे, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण ती राख किती भाषांत सांडली आहे पाहा: फ्रेंच सांद्रियों, जर्मन आशेनपुटेल, इटालियन चेनेरेन्तोला, स्पॅनिश सेनिसिएंता, रशियन झोलुश्का, झेक पोपेल्का. सगळीकडे राखच. पोलिश कोप्चुशेकमध्ये काजळी आहे, तर तुर्की नावात चुलीच्या राखेत निजणारं मांजर. लोककथांच्या अभ्यासक मॅरियन रोआल्फ कॉक्स यांनी १८९३ साली या कथेची आणि तिच्या जवळच्या कथांची ३४५ रूपं एकत्र केली.

राख म्हणजे अपमान, हे तर उघड आहे. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ च्या संग्रहात थोरली सावत्र बहीण तिला याहून असभ्य नावाने हाक मारते. धाकटी थोडी सौम्य, म्हणून ती सांद्रियों म्हणते. म्हणजे जगभर गाजलेलं हे नाव मुळात त्यातल्या त्यात कमी टोचणारी शिवी होती. मात्र राखेचे इतर अर्थ विसरता येत नाहीत. ख्रिस्ती जगात राख हे शोकाचं आणि पश्चात्तापाचं चिन्ह आहे. उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारी कपाळावर राख लावतात, आणि गोव्यातल्या, वसईतल्या ख्रिस्ती घरांना हे वेगळं सांगायला नको. सिंड्रेलाची आई नुकतीच गेलेली आहे. घरात बाकी कुणीही शोक करत नाही. ती एकटी चुलीपाशी, राखेत बसते. ग्रिमांच्या कथेत ती आईच्या कबरीवर हेझलची डहाळी लावते आणि अश्रूंनी वाढवते. या अंगाने पाहिलं की छळ करणाऱ्यांनी शिवी म्हणून दिलेलं नाव खरं म्हणजे तिच्या आईविषयीच्या मायेची खूण ठरतं. शिवाय जुन्या घरांत रात्री निखारा राखेखालीच जपून ठेवत आणि सकाळी त्याच्यावरच नवा विस्तव पेटे. मला हा अर्थ सगळ्यांत जवळचा वाटतो.

तिचं खरं नाव काय होतं? पेरो सांगत नाही. बासिलेने सांगितलं होतं, झेझोल्ला, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. नाचाच्या रात्री महालात तर ती नुसती अनोळखी राजकन्या असते. ती कोण आहे ते कळण्यासाठी राजपुत्र हवं ते द्यायला तयार आहे, असं बहिणी घरी येऊन तिलाच सांगतात. तिचं नाव त्यांच्या जिभेवर असतं आणि त्यांना ते माहीत नसतं.

झोपलेल्या राजकन्येच्या बाबतीत तर नावाचा प्रवासच उलटा झाला आहे. पेरोच्या गोष्टीत शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येला नाव नाही. ती जागी होते, लग्न करते, तिला दोन मुलं होतात. मुलीचं नाव ओरोर, म्हणजे पहाट. मुलाचं नाव जूर, म्हणजे दिवस. त्याच्याआधी बासिलेकडे आईचं नाव तालिया, बहरणारी, अशा ग्रीक मुळाचं, आणि मुलांची नावं चक्क सूर्य आणि चंद्र. पुढे १८९० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये चायकोव्हस्कीचं बॅले रंगमंचावर आलं. त्यात मुलं नव्हती, पण पहाटेचं नाव टाकून देणं कुणाला जमलं नसावं. ते आईला मिळालं: राजकन्या अरोरा. डिस्नेने १९५९ च्या चित्रपटात तेच उचललं आणि रानात लपवून वाढवतानाचं नाव म्हणून ब्रायर रोझ जोडलं, म्हणजे ग्रिमांची काटेरी गुलाबकळी, डोर्नरोशेन. आज जगभरच्या मुली जिला अरोरा म्हणतात, ती तिच्या मुलीच्या नावाने वावरते आहे.

एकोणिसाव्या शतकात मॅक्स म्युलर आणि त्यांच्या पठडीतल्या अभ्यासकांना जिकडेतिकडे सूर्यकथा दिसू लागल्या होत्या. झोपलेली राजकन्या म्हणजे रात्र किंवा हिवाळा, तिला उठवणारा राजपुत्र म्हणजे सूर्य. पुढे अँड्र्यू लँग यांनी या मताची चांगलीच झाडाझडती घेतली, आणि ते योग्यच झालं, कारण त्या पद्धतीने कोणत्याही गोष्टीतून सूर्य काढून दाखवता येतो. तरीही या एका कुटुंबापुरतं मला मॅक्स म्युलरांना नमतं माप द्यावंसं वाटतं. लांबलचक झोपेतून उठलेल्या बाईच्या मुलांना सूर्य, चंद्र, पहाट, दिवस अशी नावं देणाऱ्या कथाकारांना आपण काय सांगतो आहोत हे चांगलं कळत होतं.

काही नावं भविष्य सांगतात. रशियन कथांमधली वासिलिसा व्यापाऱ्याची पोर असते, सावत्र आईच्या छळातली. बाबायागा या हाडं चघळणाऱ्या म्हातारीकडून विस्तव आणायला तिला रानात धाडतात. पण वासिलिसा हा शब्द ग्रीक बासिलिसाहून आलेला, आणि त्याचा अर्थ राणी. गोष्टीच्या शेवटी झार तिच्याशी लग्न करतो. ऐकणाऱ्याला शेवट पहिल्याच वाक्यात सांगून झालेला असतो.

पूर्वेकडे आलं की नावांत चंद्र उगवतो. अल्लाउद्दीनच्या गोष्टीतली राजकन्या म्हणजे बद्र-अल-बुदूर, पौर्णिमांचीही पौर्णिमा. ही गोष्ट अलेप्पोच्या हन्ना दियाब या तरुणाने १७०९ मध्ये पॅरिसमध्ये आंत्वान गालाँ या भाषांतरकाराला तोंडी सांगितली. तिच्यात अल्लाउद्दीन हमामच्या दारामागे लपून राजकन्येला पाहतो. ती बुरखा बाजूला करते आणि ढगाआडून पौर्णिमा बाहेर यावी तसं होतं. नाव आणि प्रसंग एकच होऊन जातात. डिस्नेने १९९२ मध्ये तिला जास्मिन केलं. चमेलीचं फूल सुंदर खरं, पण त्या बदलात चंद्र गेला, याची मला हळहळ वाटते.

आणि जपानची कागुया-हिमे! हिमे म्हणजे राजकन्या, कागुया म्हणजे लखलखणारी. दहाव्या शतकाच्या सुमाराच्या या कथेत बांबू तोडणाऱ्या म्हाताऱ्याला एका कांडातून उजेड येताना दिसतो. कांडात तळहातावर मावेल एवढी मुलगी. ती वाढते तशी घरात अंधाराला जागा उरत नाही. पाच मातब्बर तिला मागणी घालतात आणि ती प्रत्येकाला अशक्य वस्तू आणायला सांगते. पहिल्याला आणायचं असतं बुद्धाचं दगडी भिक्षापात्र, तेही भारतातून. तो भारतात न जाताच कुठल्याशा देवळातलं काळवंडलेलं भांडं घेऊन येतो. कागुया भांडं उचलून त्यात प्रकाश शोधते. काजव्याएवढाही नसतो. लबाडी उघडी पडते. जिचं नावच उजेड, तिला खऱ्याखोट्याची दुसरी कुठली कसोटी कशाला हवी? शेवटी कळतं, ती चंद्रावरची आहे, आणि तिला न्यायला चंद्रावरून माणसं येतात. जपानने २००७ साली चंद्राभोवती यान पाठवलं त्याला कागुया हेच नाव दिलं. त्याच्यासोबतच्या दोन लहान उपग्रहांची नावं होती ओकिना आणि ओउना, म्हणजे तिला वाढवणारे म्हातारा आणि म्हातारी. गोष्टीत ती दोघं पृथ्वीवर रडत मागे राहतात. यानाच्या वेळी तिघंही चंद्राकडे गेली. हजार वर्षांनंतर एका देशाच्या शास्त्रज्ञांना ही ताटातूट मिटवावीशी वाटली, हे कळल्यावर माझे डोळे भरून आले.

आता आपल्या घराकडे येऊ. काश्मीरच्या राणी सूर्यवतीसाठी सोमदेवाने अकराव्या शतकात रचलेल्या कथासरित्सागरात कनकरेखा नावाची राजकन्या आहे. ज्याने कनकपुरी, म्हणजे सोन्याची नगरी, पाहिली असेल त्यालाच वरेन, असं ती बापाला सांगते. शहरात दवंडी पिटली जाते. ती नगरी कुणी ऐकलेलीही नसते. पुढे शक्तिदेव हा तरुण समुद्र ओलांडून तिथे पोचतो, तेव्हा एका महालात त्याला तीच राजकन्या निष्प्राण पडलेली दिसते. ती मूळची त्याच नगरीतली विद्याधरी, शापाने माणसांत जन्मलेली. तिला स्वतःला सांगता येत नव्हतं, ते तिचं नाव सांगत होतं. सोमदेव ज्या गुणाढ्याच्या लुप्त बृहत्कथेवर उभा आहे, तो गुणाढ्य परंपरेने सातवाहन राजाच्या दरबारातला, आपल्या पैठणचा.

त्याहून जवळची एक गोष्ट आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी फ्रिअर हिने १८६८ मध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' हा कथासंग्रह छापला. कथा सांगणारी होती तिची आया, ॲना लिबेराता डिसोझा, गोव्याकडे स्थायिक झालेल्या ख्रिस्ती कुटुंबातली. ॲनाने त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. त्यातली एक राजकन्या सोदेवाबाई, म्हणजे सुदैवाची. तिने तोंड उघडलं की मोती आणि रत्नं पडतात आणि तिचा जीव गळ्यातल्या सोन्याच्या हारात असतो. फुलं वेचताना तिची चप्पल डोंगरावरून खाली पडते आणि परमुलखातल्या राजपुत्राला सापडते. त्या चपलेचा माग काढत तो तिच्यापर्यंत येतो. पुढे सवत हार चोरवते. दिवसभर तो दुसऱ्या कुणाच्या गळ्यात असतो तोवर सोदेवाबाई मेल्यासारखी पडून राहते, रात्री तो काढून ठेवला जातो तेव्हा ही जागी होते. हरवलेली चप्पल आणि मरणासारखी झोप, दोन्ही एकाच दख्खनी राजकन्येच्या वाट्याला! दुसरी आहे सूर्याबाई. तिला तळ्यात ढकलतात तर तिचं सोनेरी सूर्यफूल होतं, फूल जाळतात तर राखेतून आंब्याचं झाड उगवतं, आणि आंब्यातून ती पुन्हा जिवंत होते. नावातला सूर्य मावळून पुन्हा पुन्हा वर येतो. तिसरी पंचफुलाराणी.

सुदैव, सूर्य, पाच फुलं. ही नावं आज आपल्याला माहीत आहेत, कारण एका मुलीने आयाला विचारलं, ऐकलं आणि लिहून काढलं. पैठण ते पेडणे, घराघरांत सांगितल्या गेलेल्या अशा किती राजकन्यांची नावं कागदावर आलीच नाहीत. म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात आजी, आत्या, मावशी, कुणी गोष्टी सांगणारं असेल, तर या दिवाळीत त्यांच्यापाशी बसा आणि त्यांच्या गोष्टीतल्या राजकन्येचं नाव काय होतं, ते विचारा. उच्चार सुधारू नका. त्या म्हणतील तसंच लिहा, आणि खाली त्यांचं नाव, गाव आणि तारीख घाला.